विठूवरचा आळ: मुलांसाठी कालप्रवासाचा खेळ कसा मांडायचा

श्रावण संपत आला की एका रविवारी सकाळी साडेसहाला मी पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीच्या तोंडाशी पाट टाकते आणि त्यावर वहाणांचा एक जोड ठेवते. पंधरा-सोळा मुलं जमलेली असतात. हलगी वाजते आणि दवंडी होते, "ऐका हो ऐका! विठू तांबटाने चांदीची वाटी चोरली! तो कोतवालीच्या ताब्यात आहे!" तिथून पुढे मुलं शके १७१३ मध्ये, म्हणजे १७९१ सालच्या पुण्यात असतात. विठू त्यांचा मित्र. त्याने चोरी केली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण नुसतं ठाऊक असून भागत नाही. पाच घटकांच्या, म्हणजे दोन तासांच्या, आत त्यांना पुरावा गोळा करायचा, कोतवालीतल्या लाचखाऊ कारकुनाला उघडं पाडायचं आणि विठूला सोडवून आणायचं.

मी शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हा खेळ सुरू केला, त्याला आता नऊ वर्षं झाली. इतर गावांतले शिक्षक, वाचनालयं चालवणारे लोक विचारतात की आम्हालाही असं काही मांडायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे. तुमच्या गावाचा काळ घ्या, तुमची चावडी घ्या, गोष्ट हवी तशी बदला. शेवटचा दवंडीचा भाग मात्र गाळू नका. का, ते तिथे आल्यावर सांगते.

आधी दिवस ठरवा

बहुतेक जण आधी गोष्ट रचतात आणि मग तिला "पेशवाईत" नेऊन बसवतात. पेशवाई शंभर वर्षांहून जास्त चालली. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी होईपर्यंत शनिवारवाडाच नव्हता. नुसतं "पेशवाई" म्हटलं की मुलं पगड्या घालून स्नेहसंमेलनातलं बोलायला लागतात. म्हणून एक साल, एक महिना, जमलं तर एक तिथी पकडा. तिथी पकडली की बाकीच्या गोष्टी आपोआप तिच्याभोवती येऊन उभ्या राहतात.

मी श्रावण वद्य द्वादशी, शके १७१३ घेतली. श्रावणात पेशवे पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्यासाठी दूरदूरहून माणसं पुण्यात येत, त्यामुळे शहर परक्यांनी भरलेलं असे. अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीत आमची मुलं खपून जातात. गादीवर सवाई माधवराव, वय अवघं सतरा. हे ऐकलं की आठवी-नववीची मुलं एकदम सरसावून बसतात. कारभार नाना फडणवीसांच्या हाती. रामशास्त्री प्रभुणे दोन वर्षांपूर्वी, १७८९ मध्ये वारलेले, न्यायाधीशपदी अय्याशास्त्री. आणि १७७७ पासून शहराचा कोतवाल घाशीराम सावळदास.

घाशीरामाचं पुढे काय झालं ते मांडणाऱ्याला नीट माहीत हवं. दक्षिणा घेऊन परतणाऱ्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी भवानी पेठेत एका कोंदट जागेत कोंडलं. त्यातले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. सरदार मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडलं तेव्हा ते उघडकीला आलं. शहर खवळलं, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी, भाद्रपद नुकताच लागला असताना, घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

पहिल्या वर्षी मी खेळातला गुन्हेगार घाशीरामालाच केलं होतं. मुलांनी शेवट आधीच कुठेतरी वाचलेला. सुनावणी सुरू व्हायच्या आतच चार मुलांनी कागदाचे बोळे करून त्या कोतवाल झालेल्या दादाला मारायला सुरुवात केली, आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायला लागली. पुरावे पिशवीतच राहिले. मला त्या रात्री झोप लागली नाही. माणूस दोषी होता म्हणून जमावाने त्याला ठेचलं त्याला न्याय म्हणायचं, असं मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं, आणि खेळात मात्र नेमकं तेच शिकवून बसले होते.

तेव्हापासून आमचा लाचखाऊ माणूस म्हणजे कोतवालीतला एक कारकून. तो माझा, कल्पनेतला. विठूही कल्पनेतला. खेळाआधी मुलांना हे स्पष्ट सांगते. इतिहासातली माणसं पिवळ्या चिठ्ठीवर, आमची पांढऱ्या चिठ्ठीवर. नाहीतर दोन वर्षांनी एखादं मूल परीक्षेत विठू तांबटाचं नाव लिहून यायचं.

घाशीरामाचा शेवट खेळात येतो तो फक्त टांगत्या तलवारीसारखा. प्रवाशांना माहीत आहे की थोड्याच दिवसांत शहर पेटणार आहे. एकदा दगड हातात आले की विठूसाठी कागद वाचायला कोणी थांबणार नाही. म्हणून घाई. त्या घाईने खेळाला जो जोर येतो तो कोणत्याही राक्षसाने किंवा यंत्राने येत नाही.

पुरावा त्या काळातला हवा

कालप्रवासाच्या गोष्टीत हमखास होणारी चूक म्हणजे भविष्याचं ज्ञान पुरावा म्हणून वापरणं. मुलं म्हणतात, आपण मोबाइलवर कारकुनाचं बोलणं टिपू. नाही. खेळातले न्यायाधीश शास्त्रीबुवा, त्यांच्यासमोर तो मोबाइल म्हणजे नुसता चपटा काळा दगड. आमचा पहिला नियम असा की जे १७९१ च्या न्यायाधीशाला पटेल तेच चालेल. जुन्या न्यायपद्धतीत लेख, साक्षीदार आणि भोगवटा अशी प्रमाणं मानत. ती नसतील तर दिव्य. दिव्याचं नाव काढलं की मुलांचे डोळे चमकतात, तापलेला लोखंडी गोळा, उकळतं तेल वगैरे. मी ते खेळात घेत नाही. पण एवढं सांगते की पुरावा हरवला तर माणसाच्या तळहातावर पाळी येई, म्हणून कागद जपा.

गुन्ह्यामागचं कारण आधी पक्कं करा, कारण पुरावे त्यातूनच निघतात. कारकून उगीच दुष्ट असून चालत नाही. आमच्या खेळात ते असं: बाजारातल्या वजनमापांवर देखरेख ठेवणं हे कोतवालीचं काम. कारकुनाने विठूच्या बापाकडे दिसायला सारखे पण वजनाला कमी असे पितळी शेर घडवून मागितले, व्यापाऱ्यांना गुपचूप विकायला. बापाने नकार दिला. दुसऱ्या दिवशी पोराच्या घरात चोरीची वाटी "सापडली". एवढं पुरे. तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात. तिथे उभं राहून ही गोष्ट सांगितली की मुलांना बापाचा नकार कळतो. ठोक्याठोक्याने ज्याने हात कमावला तो खोटं वजन कसं घडवेल?

तीन पुरावे, तीन तुकड्या. कोणत्याही एकाने विठू सुटत नाही. शास्त्रीबुवा निदान दोन जुळवून मागतात, म्हणजे तुकड्यांना एकमेकांशी बोलावं लागतं.

पहिला पुरावा चांदण्याचा. कारकुनाचा साक्षीदार जबानीत म्हणतो की एकादशीच्या रात्री, पहिल्या प्रहरात, मी विठूचा चेहरा चांदण्यात स्वच्छ ओळखला. मुलांच्या हाती पंचांगाचं एक पान असतं आणि एक जुना ठोकताळा: पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण दोन घटका उशिरा उगवतो. वद्य एकादशी म्हणजे अकरा दिवस, बावीस घटका. एक घटका चोवीस मिनिटांची. मुलं बोटांवर हिशोब करतात आणि कोणीतरी ओरडतं, "अरे, चंद्र तर पहाटेकडे उगवणार!" पहिल्या प्रहरात कुठलं चांदणं? हे उत्तर मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही. एखाद्या वर्षी चाळीस मिनिटं लागतात. लागू द्यावीत.

दुसरा कागदाचा. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी "लेखनसीमा" असा छोटा शिक्का उमटवत. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये, हा त्याचा अर्थ. आमच्या जप्तीच्या यादीत भांडी, हातोड्या, ऐरण असं सगळं शिक्क्याच्या वर आहे, आणि "चांदीची वाटी एक" ही ओळ शिक्क्याच्या खाली. ज्या तुकडीला ही यादी मिळते त्यांना मी शिक्क्याचा अर्थ सांगणारी चिठ्ठी मुद्दाम दुसऱ्या ठिकाणी, शनिवारवाड्यापाशी, देते. कागद हातात असूनही तो वाचायची किल्ली दूर असावी. खऱ्या दप्तरात काम करणाऱ्यांचं असंच होतं.

तिसरा वजनाचा. एकाच मापाचे दोन डबे घ्या, दोन्हींना सोनेरी रंग द्या. एकात ८०० ग्रॅम वाळू भरा. दुसऱ्यात तळाशी लाकडाचा ठोकळा घालून वर वाळू, एकूण ७००. हे माप खेळापुरतं, खरा शेर गावोगाव निराळा असे. जुनी तागडी भांडीवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळते. नुसतं बघून मुलांना फरक कळत नाही, तागडीत घातल्यावर पारडं झुकतं. ते झुकताना त्यांचे चेहरे बघण्यासाठी मी एवढी खटपट करते म्हटलं तरी चालेल.

कागद, शाई आणि मोडी

कागद हातकागद संस्थेतला आणा किंवा जाड खाकी कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. कसब्यात कागदीपुरा आहे. तिथून जाताना मुलांना सांगा की हे नाव कागद करणाऱ्यांवरून पडलं. शाईसाठी काजळी आणि डिंकाचं पाणी, बोरूसाठी नीट वाळलेली वेळूची काडी. बोरूचं टोक तिरकं छाटलं की जाड-बारीक ओळ येते. ओली शाई सुकवायला बारीक वाळू भुरभुरवायची. मुलांना हेच सगळ्यात आवडतं, तेव्हा खेळाच्या आदल्या शनिवारी एक तास यालाच द्या.

मोडी लिपीचं मात्र बेताने घ्या. तिसऱ्या वर्षी मी अख्खी जबानी मोडीत लिहिली, सोबत अक्षरांचा तक्ता दिला आणि वाटलं की मुलं रमतील. मोडीत आधी आडवी ओळ पानभर ओढतात, अक्षरं तिला लटकवतात, शब्दांत फट सोडत नाहीत. मुलं तासभर पायरीवर बसून राहिली, दोघी रडकुंडीला आल्या. आता मजकूर बाळबोध, म्हणजे देवनागरीत, ठेवते, फक्त तीन शब्द मोडीत असतात: विठू, शेर, लेखनसीमा. आणि एक खूण: यादीतली मूळ शिरोरेघ पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे, घुसडलेल्या ओळीची रेघ अर्ध्यावरच संपते. चाणाक्ष मुलांच्या नजरेला ती शिक्क्याच्या आधी पडते.

वेळेसाठी घड्याळ नको, घटिकापात्र करा. पाण्याच्या घंगाळात बुडाला भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका. पातळ पत्र्याची वाटी घ्या, बारीक खिळ्याने अगदी लहान भोक पाडा आणि घड्याळ लावून बघा. लवकर बुडाली तर भोक मोठं झालं, दुसरी वाटी घ्या. उशीर लागला तर सुईने थोडं थोडं वाढवा. माझी चौथी वाटी चोवीस मिनिटांवर आली, ती मी फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. पाच वेळा बुडाली की बरोबर दोन तास. वाटीपाशी एक जण बसवावाच लागतो, आणि प्रत्येक बुडण्याला घंगाळावर टोला द्यायचा. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असे, सापडेल तो कोतवालीत. आमचा पाचवा टोला म्हणजे ती तोफ.

बारीकसारीक चुका आदल्या दिवशीच निस्तरा. खाऊत बटाट्याचा वेफर नको, चहा नको, गूळ-फुटाणे द्या. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा, तेव्हा मुलं मंडळाच्या मांडवाबद्दल बोलली की शिपाई त्यांना अडवतो. "मिनिट" म्हणायचं नाही.

कारकून कोण होणार

या भूमिकेसाठी मोठ्या आवाजाचा, मिशा पिळणारा माणूस घेऊ नका. आमच्या खेळात कारकून होणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत. शांत, गोड बोलणारे. ते मुलांना बसायला सांगतात, पाणी देतात, "बाळांनो, मला विठूबद्दल फार वाईट वाटतंय" म्हणतात. मग कागद मागितला की "उद्या या". पुन्हा मागितला की "साहेब रमण्यावर गेलेत". तिसऱ्यांदा "एवढे श्रम घेतोय, तर माझं काही बघाल की नाही?" आणि हात नुसता टेबलावर उलटा ठेवतात. दर वर्षी निदान एक तुकडी त्यांना आपला कैवारी समजते आणि गोळा केलेला पुरावा विश्वासाने त्यांच्याच हाती देते. कागद नाहीसा होतो. तेव्हा दुसरी प्रत तुमच्याकडे ठेवा, पण ती लगेच देऊ नका. मुलांना एक घटका तरी ते जाणवू द्या.

मुलांकडे खेळातले पैसे असतात, पुठ्ठ्याचे अंकुशी रुपये. सोळा आणे, चौसष्ट पैसे हा हिशोब शिकवण्यासाठी. त्यांतून लाच देता येते. नियमात मी ती बंद केलेली नाही. दिली, तर कागद मिळतोही. पण मग सुनावणीत कारकून तेच सांगतो, "यांनी मला पैसे दिले, विचारा." आणि तो पुरावा बाद. एका मुलीने यावर माझ्याशी वाद घातला होता की आम्ही चांगल्या कामासाठी दिले. मी तिला म्हटलं, शास्त्रीबुवांना सांग. तिने सांगितलं. बुवा बराच वेळ गप्प राहिले, पण पुरावा बादच राहिला.

मुलींना काय काम, हा प्रश्न पहिल्या दोन वर्षांत मी नीट सोडवला नव्हता. पोरी पगडी घालून पोरांसारख्याच फिरत. मग लक्षात आलं की त्या काळात पुरुष जिथे पोचत नव्हते, तिथे त्या पोचतील. कात्रजच्या तलावाचं पाणी नळांनी शहरातल्या हौदांत येई. हौदावर बायका पाणी भरत आणि गल्लीतलं सगळं त्यांना ठाऊक असे. आता आमची खरी साक्षीदार हौदावरची एक बाई आहे. झडतीच्या आधी, भल्या पहाटे, तिने कोतवालीच्या शिपायाला फडक्यात काहीतरी घेऊन विठूच्या घरात शिरताना पाहिलं. ती फक्त मुलींशी बोलते, आणि चावडीवर यायला तयार नाही. मग साक्ष कशी नोंदवायची? शास्त्रीबुवांनी हौदावर यावं अशी विनंती करता येते, पण ती मुलांना स्वतः सुचली पाहिजे. दोन वर्षं कोणाला सुचलीच नाही. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "त्या येत नाहीत तर आपण जायचं ना?" बुवा उठले, धोतर सावरलं आणि चालू लागले. आमची सगळी मोठी माणसं तिथे उभी होती, कोणी काही बोललं नाही.

रस्ता म्हणाल तर तांबट आळी, कसबा गणपती, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, नाना वाडा, बेलबाग. सगळं चालत. कोतवाल चावडीची जागा बुधवारात, जिथे आता दगडूशेठ हलवाई गणपतीचा उत्सवाचा मांडव पडतो. श्रावण संपताना तिथे बांबू-वासे आलेले असतात आणि गर्दी वाढते, म्हणून ती जागा लांबून दाखवते आणि सुनावणी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात घेते. रविवारी सकाळी नऊपर्यंत आटपायचं, प्रत्येक तुकडीबरोबर एक मोठं माणूस, आणि आळीतल्या रहिवाशांना आठवडाभर आधी विचारून ठेवायचं. पुण्याबाहेर असाल तर शाळेच्या मैदानावर रांगोळीने पेठा आखा. त्यानेही काम भागतं.

"त्यांना वाचवता येईल का?"

हा प्रश्न येणारच. कालप्रवासी आहोत, भवानी पेठेत काय घडणार ते माहीत आहे, मग त्या कोंडलेल्या माणसांना सोडवायचं नाही का? सुरुवातीला मी "नियमात बसत नाही, इतिहास बदलायचा नसतो" असं सांगून मोकळी होई. एका वर्षी सातवीतला एक मुलगा खेळ सोडून पायरीवर जाऊन बसला. म्हणाला, "मग विठूला तरी का सोडवायचं? तो तर खरा पण नाही. ते खरे होते." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट जोडली. सुनावणी संपल्यावर प्रत्येक तुकडीने नाना फडणवीसांच्या नावे एक अर्ज लिहायचा, त्या दिवशी जे माहीत आहे ते सगळं त्यात घालायचं, आणि सगळ्यांनी मिळून नाना वाड्यापर्यंत चालत जायचं. अर्जाला उत्तर येत नाही. अर्ज वाचून दाखवतो, घडी घालतो आणि मी घरी एका डब्यात ठेवते. नऊ वर्षांतल्या सहा वर्षांचे अर्ज आहेत त्यात. एकात एवढंच लिहिलं आहे, "दार उघडं ठेवा. हवा येऊ द्या." याला खेळात गुण नाहीत, वेळेची अट नाही. पण हा भाग घातल्यापासून पायरीवर जाऊन बसणारं मूल मला दिसलेलं नाही.

वहाणा आणि दवंडी

आता पाटावरच्या वहाणा. पहिल्या वर्षी विठू म्हणून सहावीतला एक हसरा मुलगा बसवला होता. दोन तास त्याच्याभोवती "चोर, चोर" चाललं. खेळ संपला, विठू निर्दोष सुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी शाळेत त्याला पोरांनी "ए चोर" म्हणून हाक मारली, आणि ती हाक पुढे कित्येक दिवस चालली. त्याच्या आईने मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन दोघांची माफी मागितली. तेव्हापासून आळ घेणाऱ्याच्या जागी मूल बसवायचं नाही, मोठा माणूसही नाही. नुसत्या वहाणा. मुलं त्या वहाणांशी बोलतात, त्यांच्यावर पाऊस पडला तर छत्री धरतात.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मी सातवीत असताना वर्गाच्या सहलीच्या पैशांचं पाकीट गेलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीवर संशय घेतला गेला, कारण मधल्या सुट्टीत ती एकटी वर्गात होती. बाईंनी सगळ्यांसमोर तिचं दप्तर उलटं केलं. काही सापडलं नाही, तरी सगळ्यांनी मनात धरलं ते धरलंच. दिवाळीच्या सुट्टीत कपाट हलवलं तेव्हा पाकीट खणाच्या मागे अडकलेलं निघालं. बाईंनी तिला एकटीला बोलावून सांगितलं, झालं ते झालं. वर्गाला कोणी काहीच सांगितलं नाही. मला ते तिच्याकडून कळलं, आणि मीही उठून बोलले नाही. चाळीस वर्षांनी एका लग्नात आमच्या वर्गातली एक जण सहज म्हणाली, "अगं ती, सहलीचे पैसे घेतलेली ती ना?" मी तेव्हा जेवणाच्या पंगतीत उभी राहून, मोठ्याने, पाकीट कुठे सापडलं ते सांगितलं. मैत्रीण तेव्हा हयात नव्हती.

म्हणून शास्त्रीबुवांनी "विठू निर्दोष" म्हटलं की आमचा खेळ संपत नाही. सकाळी ज्या तीन जागी दवंडीने त्याला चोर ठरवलं, तांबट आळी, कसबा गणपती, बेलबाग, त्या तिन्ही जागी मुलांनी परत जायचं, तितक्याच मोठ्याने दवंडी द्यायची, आणि कारकुनाने कसं काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. मुलं दमलेली असतात, भूक लागलेली असते, पालक मोटारसायकली घेऊन आलेले असतात. तरी तिन्ही ठिकाणी. एखादी जागा गाळली तर त्या वर्षी विठू सुटला असं मी लिहीत नाही. माझ्या वहीत दोन वर्षांपुढे "दोन दवंड्या, तिसरी राहिली" अशी नोंद आहे.

दवंडीचे शब्द मुलांनीच रचावेत. फक्त तीन गोष्टी हव्यात: नाव पुरं, आळ कोणता होता ते, आणि तो खोटा कसा निघाला ते. "विठू बरा मुलगा आहे" असलं काही चालणार नाही. "वाटी कारकुनाच्या शिपायाने ठेवली, यादीतली ओळ शिक्क्याखाली घुसडली होती" असं रोखठोक हवं. सकाळी ज्यांनी पहिली दवंडी ऐकली ते दूधवाले, फुलवाले, झाडणारे बरेचदा अजून तिथेच असतात. तांबट आळीतले एक आजोबा आता दर वर्षी वाट बघत ओट्यावर थांबतात आणि शेवटची दवंडी होईपर्यंत आत जात नाहीत.

हलगीबद्दल एक सांगायचं राहिलं. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. सकाळची दवंडी ठणठणीत आणि परतीची बद्द, असं होऊ देऊ नका. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं आणि आगपेटी ठेवा. आगपेटी त्या काळातली नाही, तेव्हा ती मोठ्या माणसानेच काढायची. शेवटच्या फेरीआधी आडोशाला कागद पेटवून हलगी शेकवून घ्या, बोटाने टिचकी मारून आवाज चढला का ते बघा. मग वहाणा एका मुलाने हातात घ्यायच्या आणि सगळ्यांच्या पुढे चालायचं, आळीपर्यंत.